शिक्षा मागे राहिलेल्यांना

जून १८२३. लंडनमध्ये ग्रोव्हनर प्लेसजवळ, रस्ते एकमेकांना छेदतात तिथे भर रस्त्यात एक खड्डा खणला गेला. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने वडिलांचा जीव घेतला होता आणि मग स्वतःचाही. कॉरोनरच्या ज्यूरीने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी, तो शुद्धीवर होता असा निकाल दिला. तो निकाल आला म्हणजे चर्चच्या आवारात जागा नाही, प्रार्थना नाही, थडगे नाही. चटईत गुंडाळलेला देह त्या खड्ड्यात टाकून माती लोटण्यात आली. जुन्या रिवाजाप्रमाणे अशा देहातून लाकडी खुंटी ठोकत, ती या वेळी ठोकली नाही. लंडनच्या चव्हाट्यावरचे हे शेवटचे दफन मानले जाते.

त्याच्या दहाच महिने आधी, १२ ऑगस्ट १८२२ रोजी, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅसलरे यांनी आपल्या घरी आत्महत्या केली होती. चौकशी दुसऱ्याच दिवशी उरकली. त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते, असे ज्यूरीने ठरवले, आणि आठवडाभरात त्यांना राजे-कवी विसावलेल्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये इतमामाने मूठमाती देण्यात आली. कॅसलरे शेवटच्या दिवसांत खरोखरच भ्रमिष्ट झाले होते आणि ज्यूरीने काही खोटे केले नाही. पण लोकांना दिसला तो फरक. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, एकाला ॲबे मिळाली आणि एकाला रस्ता. या दोन दफनांनंतर पार्लमेंटला गप्प बसणे जड गेले. जुलै १८२३ मध्ये कायदा झाला: यापुढे असे दफन रस्त्यात करायचे नाही, दफनभूमीतच करायचे, मात्र रात्री नऊ ते बारा या वेळात आणि धार्मिक विधीशिवाय. दिवसाउजेडी पुरण्याची मुभा मिळायला १८८२ साल उजाडावे लागले.

आत्महत्या हा इंग्लंडच्या जुन्या कायद्यात दुहेरी गुन्हा होता. देवाने दिलेले आयुष्य त्याच्या बोलावण्याआधी टाकले म्हणून देवाचा, आणि राजाचा एक प्रजाजन कमी केला म्हणून राजाचा. ‘फेलो डी से’, म्हणजे स्वतःचा अपराधी, असा शिक्का बसला की मृताची सगळी जंगम मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा होई. गुरे, भांडी, दुकानातला माल, उधारीची येणी, सगळे. माणूस तर गेलेला असे. ही शिक्षा सोसत ती त्याची विधवा आणि मुले.

सॅम्युएल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याची सतराव्या शतकातली रोजनिशी प्रसिद्ध आहे. तिच्यात जानेवारी १६६८ मधला एक प्रसंग आहे. १६६६ च्या मोठ्या आगीत लंडन होरपळले, त्यात पीप्सच्या चुलतबहिणीच्या नवऱ्याचे कंबरडे मोडले. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि तो मरणाच्या दारात होता. घरात आकांत होता, पण त्या आकांतातच आणखी एक धावपळ चालू होती. राजाचे लोक यायच्या आत घरातल्या किमती वस्तू बाहेर काढायची. पीप्सने त्यात हात लावला आणि मग तो तडक राजवाड्यावर गेला. ज्यूरीने विरुद्ध निकाल दिला तरी मालमत्ता बायको-मुलांनाच मिळेल, असे वचन त्याने राजाकडून घेतले. त्या बाईचा भाऊबंद राजापर्यंत पोहोचू शकत होता म्हणून तिला हे अभय मिळाले. ज्यांचा कोणी पोहोचत नव्हता त्यांच्या घरची भांडी कोणी मोजली, हे कुठल्याच रोजनिशीत नाही.

पण गावची ज्यूरी गावातल्याच माणसांची असे. समोर बसलेली विधवा त्यांच्या ओळखीची, तिची पोरे त्यांच्या पोरांबरोबर खेळणारी. कायद्याचा हा घाव त्या साध्या माणसांना सोसवेना. त्यांनी एक वाट काढली. आधी मालमत्तेची किंमत कमी लावू लागले. पुढे मृताचे भान हरपले होते, असा निकाल देऊ लागले, कारण वेडाला शिक्षा नव्हती. सतराव्या शतकाच्या मध्यात बहुतेकांवर अपराधाचा शिक्का बसत असे. अठरावे शतक संपेपर्यंत तो क्वचितच बसू लागला. ब्लॅकस्टोन या मोठ्या कायदेपंडिताने १७६९ मध्ये यावर नाराजी नोंदवली. आत्महत्या केली म्हणजेच माणूस वेडा, असे ज्यूरी धरून चालतात, हे त्याला पटले नव्हते. मला मात्र या अनाम पंचांबद्दल आदर वाटतो. कायदा बदलायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून त्यांनी तो दीडशे वर्षे आतून पोखरला. किंमत मात्र मोजावी लागली. घर वाचवायचे तर आपल्या माणसाला वेडा म्हणवून घ्यायचे, हा सौदा प्रत्येक कुटुंबाला करावा लागला. तो खरोखर कशाने खचला होता, कर्जाने, अपमानाने की कोणाच्या जाण्याने, हे विचारण्याची जागाच चौकशीत उरली नाही.

फ्रान्समध्ये १६७० च्या फर्मानाने मृतदेहावर खटला चालवून त्याची धिंड काढण्याची सोय होती. क्रांतीनंतरच्या १७९१ च्या दंडसंहितेतून तो गुन्हाच गळाला. इंग्लंडमध्ये जप्ती कायद्याने बंद झाली ती १८७० मध्ये.

त्या जप्तीचा हात हिंदुस्थानपर्यंतही येऊ पाहत होता. बंगालमधल्या कासिमबाजारचे तरुण जमीनदार राजा कृष्णनाथ रॉय यांनी १८४४ मध्ये कलकत्त्यात आत्महत्या केली. पत्नी राणी स्वर्णमयी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने दावा लावला: कलकत्ता शहरात इंग्लंडचा कायदा लागू आहे, राजा स्वतःचा अपराधी ठरतो, सबब त्याची जंगम संपत्ती सरकारजमा झाली पाहिजे. हा वाद वाढत वाढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्यातल्या अपिलांच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत गेला. १८६३ मध्ये निकाल लागला. इंग्रज व्यापारी या देशात आले तेव्हा इथे आधीच नांदते राज्य आणि नांदते कायदे होते. इंग्लंडच्या धर्मकल्पनांतून आलेला हा जप्तीचा नियम कलकत्त्याच्या हिंदू रहिवाशाला लागू होत नाही, असे कौन्सिलने ठरवले. राणी स्वर्णमयी पुढे दानशूर म्हणून बंगालभर ओळखल्या गेल्या. कंपनीचा दावा टिकला असता तर त्यांच्या वाट्याला नवऱ्याच्या मृत्यूसोबत नवऱ्याचा गुन्हाही आला असता.

मात्र या निकालाच्या आधीच भारतीय दंड संहिता आली होती. ती १८६० मध्ये मंजूर झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिने मृताला सोडले आणि वाचलेल्याला धरले. कलम ३०९: आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, पुढे दंडाचीही तरतूद. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या खाटेपाशी पहिला येणार तो पोलीस, ही व्यवस्था तेव्हा सुरू झाली आणि दीडशे वर्षे टिकली.

हे सगळे साहेबाने आणले आणि आपण निर्मळ होतो, असे मात्र म्हणता येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आत्महत्येचा जो विचार आहे, तो लंडनच्या चव्हाट्यापेक्षा सौम्य नाही. काम, क्रोध यांच्या आहारी जाऊन जीव देणाऱ्याचा देह दोरीने राजमार्गावरून ओढत न्यावा, त्याला दहन नाही, नातलगांनी क्रियाकर्म करायचे नाही, असे तिथे सांगितले आहे. मनुस्मृती अशांना तिलांजली नाकारते. पुढच्या निबंधकारांनी वाट थोडी मोकळी केली: ठरावीक काळाने नारायणबली करून मग श्राद्ध करावे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सगळी मतमतांतरे मांडून ठेवली आहेत. त्र्यंबकेश्वरला आजही दुर्मरण आलेल्यांसाठी नारायण-नागबळीचा तीन दिवसांचा विधी होतो. तिथे जाणाऱ्या आई-बापांकडे कुत्सितपणे पाहणे मला कधी जमलेले नाही. ज्या मृत्यूबद्दल घरात, भावकीत, ओटीवर कुठेच बोलता येत नाही, त्यासाठी निदान तीन दिवस कोणीतरी नाव-गोत्र विचारून बसवून घेते. पण गती अडली आहे, ही धास्ती त्यांच्या मनात भरली कोणी, हा प्रश्न उरतोच.

आणि त्याच परंपरेने काही मरणे डोक्यावर घेतली. १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले, रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या. तिथले वृंदावन लोक हात जोडून पाहतात. जैनांची सल्लेखना हे व्रत आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध सोडले. देश श्वास रोखून होता, पंतप्रधान भेटून गेल्या, पण कलम ३०९ घेऊन कोणी आश्रमात शिरले नाही. हे मृत्यू एकाच मापाने मोजावेत असे मी म्हणत नाही. ऐंशी उलटलेल्या संताचा देहत्याग आणि दु:खाने कोंडलेल्या मुलीचा मृत्यू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण कोणाच्या मरणाला तेज म्हणायचे आणि कोणाच्या मरणाला डाग, हे समाजाने पुष्कळदा मरणाकडे पाहून नव्हे, माणसाकडे पाहून ठरवले.

सवाई माधवरावांच्या बाबतीत तर हे ठरवणे अजून संपलेले नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये एकविशीतला हा पेशवा शनिवारवाड्यात उंचावरून पडला आणि दोन दिवसांनी गेला. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आत्महत्या मानली आहे. मराठी इतिहासकारांतल्या अनेकांनी तापाच्या भरातला अपघात म्हटले. पुराव्यांचा वाद असायलाच हवा. मला खटकते ती त्या वादाची भाषा. आत्महत्या ठरली तर जणू पेशव्याची आणि मराठी राज्याची अब्रू जाणार होती, अशा ईर्षेने काही लेख लिहिले गेले. जन्माआधीच वडिलांचा खून झालेला, पोरवयात आईला मुकलेला, सदैव कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली वाढलेला तो मुलगा त्या वादात हरवून जातो.

साने गुरुजींच्या बाबतीतही हीच कुचंबणा झाली. त्यांनी ११ जून १९५० रोजी आपले आयुष्य स्वतः संपवले. तीन पिढ्या त्यांच्या गोष्टी वाचून रडल्या, पण त्यांच्या शेवटाबद्दल मुलांना काय सांगायचे ते ना शाळेला समजले, ना घराला. ‘गुरुजी गेले’ एवढ्यावर वाक्य थांबायचे. इतकी माया लावणाऱ्या माणसालाही एवढे एकटे वाटू शकते, हे आपण मुलांना सांगितले असते तर त्यातल्या एखाद्याला पुढे आपल्या मनातले बोलण्याचा धीर झाला असता.

इंग्लंडमध्ये वाचलेल्यांवर खटले भरण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. १९५६ मध्ये पोलिसांना कळलेल्या पाच हजारांहून अधिक प्रयत्नांपैकी सहाशेच्या वर लोकांवर खटले झाले. बहुतेक सुटले, तीसेक जण तुरुंगात गेले. चॅड व्हॅरा हा पाद्री तोवर कामाला लागला होता. तरुणपणी त्याने पहिला अंत्यविधी केला तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिला पाळी आली होती, आणि हे काय आहे ते सांगणारे कोणी नसल्याने आपल्याला घाणेरडा रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. व्हॅराने नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमधून एक टेलिफोन नंबर जाहीर केला: जगणे असह्य झाले असेल तर फोन करा. त्यातून ‘समॅरिटन्स’ उभी राहिली. उपदेश करायचा नाही, ऐकायचे, एवढेच तिथल्या स्वयंसेवकांचे काम. १९६१ मध्ये इंग्लंडने आत्महत्येला गुन्ह्यांच्या यादीतून काढले.

आपण काढले नाही. इंग्लंडने दिलेले कलम इंग्लंडहून जास्त निष्ठेने सांभाळले. विधी आयोगाने १९७१ मध्ये ते रद्द करा असे सांगितले. विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूरही झाले. लोकसभा बरखास्त झाली आणि ते बारगळले.

मग १९८५ साल आले. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाला काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला होता आणि तेव्हापासून त्याचे मानसिक आजारपण सुरू झाले होते. बायकोला भाजीचा ठेला लावायची परवानगी मिळावी म्हणून तो महापालिकेत खेटे घालत होता. एप्रिलमध्ये एक दिवस दाद लागेना, तेव्हा त्याने तिथेच जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याला वाचवले, आणि मग त्याच्यावर ३०९ खाली खटला भरला. निकाल कायद्याच्या पुस्तकांत त्याच्या नावाने ओळखला जातो. ते नाव इथे लिहायची गरज मला वाटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यापुढे प्रकरण आले. सप्टेंबर १९८६ मध्ये त्यांनी कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, हा त्यातला युक्तिवाद गाजला आणि पुढे टिकला नाही. मला त्या निकालातला दुसरा भाग मोलाचा वाटतो. आत्महत्येकडे वळणाऱ्या माणसांची कारणे न्यायालयाने एकेक करून समोर ठेवली: आजार, असह्य वेदना, दारिद्र्य, फसवणूक, बेअब्रू. या सगळ्यांना एकाच कलमात कोंबता येत नाही, आणि ज्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे त्याला कोठडीत टाकून काही साधत नाही, असे बजावले. अठराव्या शतकातल्या ज्यूरींनी दयेपोटी ‘वेडा’ म्हणून चौकशी मिटवली होती. इथे एका न्यायालयाने ‘का’ हा प्रश्न उघडून ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हाच मार्ग धरला. १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ग्यान कौर प्रकरणात तो उलटवला, आणि गुन्हा पुन्हा गुन्हा झाला. त्याचा अर्थ इस्पितळात कळायचा. पोरगी अत्यवस्थ आहे, बाप दारात उभा आहे, आणि केसपेपरवर काय लिहायचे यावर बोलणी चालली आहेत. ‘चुकून घेतले’, ‘पाय घसरला’, ‘पोटदुखीला कंटाळून’. खासगी दवाखाने पोलीस केस नको म्हणून हात वर करीत. खरे न सांगितल्यामुळे जिवावरच्या दुखण्यावर उपचार झाले, पण मनातले दुखणे कोणी विचारले नाही आणि त्याच मनाने ती मुलगी त्याच घरात परत गेली. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांनी नोव्हेंबर २००० मध्ये लष्कराच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध उपोषण सुरू केले. त्या सोळा वर्षे ३०९ खाली अटकेत होत्या. कलमाची कमाल शिक्षा एक वर्ष, म्हणून वर्ष भरले की सोडायचे आणि पुन्हा पकडायचे.

महाराष्ट्रात त्याच काळात चौकशीचा एक नवा प्रकार जन्मला. शेतकरी आत्महत्यांचा आकडा लपवता येईना, तेव्हा डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने वारसांना एक लाख रुपयांची मदत ठरवली: तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकाऱ्यांची समिती. मृताच्या नावावर शेती होती का? कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? उत्तरे जुळली तर ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’. सातबारा बापाच्या नावे असलेला मुलगा अपात्र ठरायचा. गावच्या बिनपरवाना सावकाराने नाडलेला अपात्र. बाईच्या नावावर जमीन नसल्याने शेतात उभा जन्म काढलेली बाई शेतकरीच ठरायची नाही. मदत हवी होती आणि नियमांशिवाय सरकारी पैसा वाटता येत नाही, हे मान्य. पण विदर्भातल्या त्या घरांत नवऱ्याच्या तेराव्याच्या आधी कागद गोळा करीत फिरणारी बाई आणि १६६८ मधली ती लंडनची बाई यांच्यावरचा प्रसंग मला फारसा वेगळा दिसत नाही. आपला माणूस कोणत्या रकान्यात मेला, यावर दोघींच्या चुली अवलंबून होत्या.

मार्च २०११ मध्ये अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला ३०९ रद्द करण्याचा विचार करा असे सुचवले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरावे, तिच्यावर खटला भरू नये, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. कॉरोनरच्या ज्यूरी तोंड चुकवून जे करीत होत्या, ते कायद्याने उघडपणे करायला एवढी वर्षे लागली. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, चालू आहे. ज्याला गरज वाटेल त्याने हा क्रमांक आज फिरवावा. आपले नाव न सांगताही बोलता येते.

१ जुलै २०२४ रोजी दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि ३०९ हे कलम तिच्यात नाही. तिथे कलम २२६ आहे. लोकसेवकाला कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. म्हणजे घरात खचलेल्याला आता कायदा काही म्हणत नाही. कचेरीच्या दारात खचलेल्याला म्हणू शकतो. उपोषणाला बसणाऱ्यांवर हे कलम वापरले जाईल, अशी भीती कायदा येतानाच अनेकांनी बोलून दाखवली होती. त्याहून मोठी गोष्ट अशी की भाजीच्या ठेल्याच्या परवान्यासाठी महापालिकेत गेलेला तो आजारी शिपाई, ज्याच्या प्रकरणामुळे मुंबईच्या न्यायालयाने १९८६ मध्ये हा विचार सुरू केला, तो आज तिथे गेला असता तर त्याच्या हातात नव्या संहितेतले नेमके हेच कलम पडू शकले असते.